उपचाराचा अर्थ

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी येते. अमुक चार-पाच देशांच्या नवनियुक्त राजदूतांनी राष्ट्रपतिभवनात राष्ट्रपतींना आपली परिचयपत्रे सादर केली. राष्ट्रपतींनी त्यांचे स्वागत करून त्या त्या देशाशी असलेल्या मैत्रीच्या जुन्या संबंधांचा उल्लेख केला. सोबत एक छायाचित्र असते: राष्ट्रपती उभे, समोर किंचित झुकलेला पाहुणा, आणि दोघांच्या हातांत मिळून एक लिफाफा. बातमी वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि बहुतेक वाचक तेवढेही देत नाहीत. कारण उघड आहे. यात काही घडलेले नाही, हे सारे केवळ औपचारिक आहे, असे आपण धरून चालतो.

आमचे म्हणणे असे की, साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने तरी ही बातमी ओलांडून जाऊ नये. यामागे राजकारणाचे कुतूहल नाही. 'केवळ औपचारिक' हा शेरा आपल्या समीक्षेत इतका सहज मारला जातो की त्याचा अर्थ तपासण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी झाली आहे. कवितेतली भावना औपचारिक, नाटकातले संवाद औपचारिक, भाषण औपचारिक, प्रस्तावना औपचारिक. शेरा मारला की निकाल लागला. आम्हांला हा निकाल मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगायला राजदूताच्या स्वागताइतके नेमके उदाहरण दुसरे नाही.

आधी शब्दच पाहू. 'औपचारिक' आला 'उपचार' या शब्दावरून. आज उपचार म्हटले की आपल्याला दवाखाना आठवतो. पण घराघरांतल्या पूजेत षोडशोपचार अजून शिल्लक आहेत. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन ही त्यांतली सुरुवातीची नावे नीट पाहिली तर ती पाहुण्याच्या स्वागताची क्रमवार यादी आहे हे ध्यानात येते. या म्हणावे, बसायला द्यावे, पाय धुवायला पाणी द्यावे. देवाला आपण घरी आलेल्या थोर पाहुण्यासारखे वागवतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि याच शब्दाला आपल्या काव्यशास्त्रात दुसरे घर आहे. एका वस्तूचा धर्म दुसऱ्या, दूरच्या वस्तूवर आरोपित करणे म्हणजे उपचार. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये उपचारवक्रता म्हणून या व्यापाराला स्वतंत्र स्थान दिले आहे. म्हणजे ज्या शब्दापासून आपण निर्जीव, कोरडे या अर्थाचा 'औपचारिक' घडवला, तो शब्द मुळात एकीकडे आतिथ्याचा आणि दुसरीकडे अलंकाराचा आहे.

राजदूताच्या स्वागतात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे असतात. आतिथ्य तर आहेच. पण खरा व्यापार अलंकाराचा आहे. एक माणूस, ज्याला कदाचित प्रवासाचा शीण आहे, ज्याला यजमान देशाची भाषा येतही नसेल, तो काही मिनिटांसाठी एक देश होतो. समोर उभी असलेली व्यक्तीही त्या क्षणी व्यक्ती नसते. दोन माणसे हात मिळवतात आणि आपण म्हणतो, दोन देश भेटले. ही लक्षणा आहे, आणि ती इतकी रुळली आहे की ती लक्षणा आहे हेच आपण विसरलो.

लिफाफ्यात काय असते तेही जाणून घेण्याजोगे आहे. ते पत्र एका राष्ट्रप्रमुखाने दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाला लिहिलेले असते. मंत्र्याने मंत्र्याला नव्हे, कार्यालयाने कार्यालयाला नव्हे. त्यातली मुख्य विनंती एवढीच: हा माणूस आमच्या वतीने जे बोलेल त्यावर आपण पूर्ण विश्वास ठेवावा. बहुधा त्याच्याबरोबर आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचे पत्रही दिले जाते, म्हणजे एका आवाजाने थांबून दुसऱ्याने सुरुवात केली याची नोंद होते. मराठी बातम्यांत आपण 'परिचयपत्र' म्हणतो, क्वचित 'अधिकारपत्र'. हे शब्द चुकीचे नाहीत, पण मूळ कल्पना त्यांतून निसटते. फ्रेंच संज्ञेचा आणि तिच्यावरून आलेल्या इंग्रजी संज्ञेचा गाभा विश्वास हा आहे. हिंदीतला 'प्रत्ययपत्र' हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो, कारण प्रत्यय म्हणजे भरवसा. व्याकरण शिकवणाऱ्यांना त्यात आणखी एक गंमत सापडेल. प्रत्यय एकटा काही बोलत नाही. धातूला लागला की त्याला अर्थ येतो. राजदूताचेही तसेच आहे.

आता कोणी म्हणेल, हा विश्वास खोटा आहे. ज्या देशाबद्दल मनात संशय आहे, त्याच्या माणसावर विश्वास ठेवतो असे म्हणणे हा दांभिकपणा झाला. येथेच आमचा मतभेद आहे. उपचाराची गरज मित्रांना फारशी नसते. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही त्यांना बोलता यावे, यासाठी तो असतो. पत्र 'या माणसावर प्रेम करा' असे सांगत नाही. तो बोलेल ते आमचे बोलणे समजा, असे सांगते. शत्रूचा निरोपही निरोप म्हणून खरा मानावा लागतो, नाहीतर तहच होणार नाहीत.

ही जाण आपल्या परंपरेत जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतांचे तीन वर्ग केले: स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार असलेला निसृष्टार्थ, ठरावीक मर्यादेत बोलणारा परिमितार्थ आणि नुसता लेख पोचवणारा शासनहर. कोणाच्या शब्दाचे वजन किती, हे ऐकणाऱ्याला आधी कळले पाहिजे, असा या वर्गवारीमागचा विचार. कथनमीमांसा शिकवताना आपण निवेदकाचे प्रकार सांगतो. त्यात आणि यात फार अंतर नाही. कोण बोलतो आहे, कोणाच्या वतीने, आणि त्याला किती माहीत आहे, हेच दोन्हीकडचे प्रश्न.

आणि स्वागत नाकारले तर काय होते, याचे नाट्य भासाच्या नावावर असलेल्या 'दूतवाक्य' या एकांकी नाटकाने केव्हाच दाखवून ठेवले आहे. पांडवांचा दूत म्हणून कृष्ण येणार आहे. दुर्योधन सभेला बजावतो की त्याच्यासाठी जो उठून उभा राहील त्याला बारा भार सोन्याचा दंड होईल. स्वतःला उठावे लागू नये म्हणून तो द्रौपदीच्या केशांबराकर्षणाचे चित्र मागवून त्यात डोळे घालून बसतो. आणि कृष्ण आत येताच गडबडून आसनावरून पडतो. नाटककाराने येथे एकही युक्तिवाद केलेला नाही. तह होणार नाही, युद्ध होणार, हे त्याने उठण्या-न उठण्याच्या साध्या उपचारातून सांगितले. जो वाचक उपचाराला पोकळ समजतो, त्याला हा प्रवेश फक्त विनोदी वाटेल. उपचाराची भाषा ज्याला येते, त्याला त्यात कुलक्षय दिसेल.

मराठी मुलखातले उदाहरण घ्यायचे तर ६ जून १६७४ चे रायगड घ्यावे लागेल. राज्याभिषेकाच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी हेन्री ऑक्झिंडेन दरबारात होता. त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीवरून आपल्याला कळते की त्याने दुरून मुजरा केला, दुभाष्या नारायण शेणवी याने नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली, ती पाहून महाराजांनी त्यांना सिंहासनाच्या पायापर्यंत जवळ बोलावले, वस्त्रे दिली आणि मग त्यांना जाण्याची अनुज्ञा झाली. सिंहासनाच्या दोन बाजूंना भाल्यांवर लावलेली सोन्याची चिन्हे त्याने टिपून ठेवली: माशांची मोठी डोकी, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून तराजू. हा माणूस कोणा राजाचा राजदूत नव्हता, एका व्यापारी कंपनीचा नोकर होता. तो तहासाठी आणि जुन्या नुकसानीच्या भरपाईसाठी आला होता. पण त्याला किती अंतरावर थांबवायचे, कधी जवळ बोलवायचे आणि कधी निरोप द्यायचा, या तीन हालचालींतून त्या दिवशी त्याला आणि त्याच्या धन्यांना एक गोष्ट कळली. आपण एका बंडखोर सरदाराच्या गडावर आलेलो नसून एका राजाच्या दरबारात उभे आहोत. राज्याभिषेकाचा हेतूही तोच होता.

याच काळात राज्यकारभारातल्या फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' महाराजांच्या आज्ञेने तयार झाला, हा योगायोग नव्हे. सिंहासन आणि शब्द यांची निगा एकत्रच राखावी लागते. आणि स्वागत म्हणजे भोळेपणा नव्हे हेही पुढच्या पिढीने लिहून ठेवले. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी जे सांगितले आहे ते प्रसिद्धच आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांना राज्याची हाव आहे. वखारीला जागा द्यावी लागलीच तर समुद्रकिनारी देऊ नये, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. वस्त्रे देणारा हात आणि हा इशारा लिहिणारा हात एकाच राज्याचे होते. त्यांत विसंगती शोधणाऱ्याला उपचार कळला नाही.

दूतासाठी मराठीने किती शब्द वापरले तेही पाहण्यासारखे आहे. शिवकाळात 'हेजीब' होता. पुढे पेशवाईत 'वकील' हा शब्द सर्वत्र झाला. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण अशा दरबारांतून मराठ्यांच्या वकिलांनी पाठवलेली पत्रे हे मराठी गद्याचे मोठे दालन आहे. आज वकील न्यायालयापुरता उरला. पण 'दुसऱ्याच्या वतीने बोलणारा' हा त्याचा अर्थ तेथेही टिकून आहे. त्या पत्रांचे मायने अभ्यासक्रमात आले तरी कंटाळवाणा भाग म्हणून ओलांडले जातात. वास्तविक मायन्यातच पत्र लिहिणाऱ्याची पायरी, समोरच्याची पायरी आणि दोघांमधला त्या दिवशीचा ताण नोंदलेला असतो. एखादे विशेषण गळले तर ते का गळले, हा प्रश्न इतिहासकाराइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. आपण मात्र 'स. न. वि. वि.' एवढ्या अक्षरांत सारा मायना कोंबून मोकळे झालो, आणि आता ती अक्षरे कशाची हेही पुष्कळ विद्यार्थ्यांना सांगता येत नाही.

उपचाराला किंमत नसती तर त्यासाठी रक्त सांडले नसते. ३० सप्टेंबर १६६१ रोजी लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागताची मिरवणूक निघाली. तिच्यात कोणाची गाडी पुढे, यावरून फ्रान्स आणि स्पेन यांच्या राजदूतांच्या माणसांत भर रस्त्यात लढाई झाली, माणसे आणि घोडे मेले. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत त्या दिवसाची सविस्तर नोंद आहे. स्पॅनिश लोकांनी घोड्यांचा साज तोडता येऊ नये म्हणून त्यात आधीच लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. हे वाचून हसू येते. पण १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने मान-क्रमाचा नियम घातला आणि १८ एप्रिल १९६१ च्या व्हिएन्ना करारानेही तोच कायम ठेवला. राजदूताचा क्रम त्याच्या देशाच्या आकारावर किंवा सैन्यावर ठरत नाही. त्याच्या वर्गात जो आधी पदावर रुजू झाला तो आधी. त्यामुळे एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत महासत्तेच्या राजदूताच्या पुढे उभा राहू शकतो. आजच्या जगात लहानाला मोठ्याच्या बरोबरीने उभे करणाऱ्या जागा फार नाहीत. त्यांतली ही एक आहे, आणि ती केवळ उपचाराने निर्माण केलेली आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप येतो तो नीतीचा. उपचार जुलमी माणसालाही प्रतिष्ठा देतो, त्याचे काय? हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. त्याचे उत्तर आम्ही एका कादंबरीकाराच्या आयुष्यात शोधतो. इव्हो आंद्रिच हा युगोस्लाव्हियाचा बर्लिनमधला राजदूत होता. एप्रिल १९३९ मध्ये त्याने आपले विश्वासपत्र हिटलरला सादर केले. दोन वर्षांनी, एप्रिल १९४१ मध्ये, त्याच हिटलरच्या विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले. व्यापलेल्या बेलग्रेडमध्ये काही प्रसिद्ध करायचे नाही असे ठरवून आंद्रिच लिहीत राहिला. त्या काळात त्याने लिहिलेली आणि १९४५ साली आलेली त्राव्निक गावाची बखर ही एका फ्रेंच वाणिज्यदूताची कथा आहे. नेपोलियनच्या काळात तो बोस्नियातल्या तुर्की वजिराकडे येतो. पहिल्या भेटीला जाताना बाजारातून त्याची हेटाळणी होते, खिडक्यांतून त्याच्यावर थुंकले जाते; आत वजीर मात्र अत्यंत सौजन्याने वागतो. पुढे एका दरबारात विजयचिन्हे म्हणून कापलेली नाके आणि कान मांडले जातात आणि ते त्याला उपचार सांभाळत पाहावे लागतात.

हे लिहिणाऱ्या माणसाने स्वतः कोणापुढे मान लवून पत्र दिले होते, हे ठाऊक असले की ती पाने वेगळी वाचली जातात. आंद्रिच उपचाराची थट्टा करत नाही आणि त्याचे समर्थनही करत नाही. उपचार कोठवर माणसाला सावरतो आणि कोठे त्याला सोडून देतो, ती रेघ तो दाखवतो. उपचार क्रौर्य थांबवत नाही, हे खरे. पण क्रौर्य कोणत्या शिष्टाचारात गुंडाळून समोर ठेवले जाते हे वाचायचे असेल, तर शिष्टाचाराची भाषा आधी यावी लागते. आंद्रिचला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६१ साली, व्हिएन्ना करार झाला त्याच वर्षी.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. मेक्सिकोचा कवी ओक्ताव्हिओ पाझ १९६२ पासून दिल्लीत राजदूत होता. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरात त्याच्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला आणि पाझने पद सोडले. त्या कृतीला वजन आले ते कशामुळे? यापुढे आपला आवाज या सरकारचा आवाज मानला जाऊ नये, हे त्याने सांगितले. ज्याने कधी कोणाच्या वतीने बोलण्याचे स्वीकारलेच नाही, त्याला असा आवाज परत घेता येत नाही. उपचार खरा होता म्हणूनच त्यातून बाहेर पडणे हे विधान झाले.

आज धोका उलट बाजूने आहे असे आम्हांला वाटते. उपचार बाजूला सारून जिव्हाळा दाखवण्याची, गळाभेटीची आणि तत्काळ उद्गारांची पद्धत राजकारणात वाढत आहे आणि तिला प्रामाणिकपणाचे नाव मिळते आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या राजदूताला आपण यापुढे स्वीकारत नाही हे समाजमाध्यमावरच्या एका नोंदीतून जाहीर केले. राजदूत अस्वीकार्य ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे, आणि त्यासाठी कारण देण्याचेही बंधन नाही. पण घेताना पत्र, दालन आणि हस्तांदोलन, आणि घालवताना चार ओळी, हे पाहिले की भाषेचे काय झाले ते कळते. जिव्हाळा आटतो तेव्हा मागे काही उरत नाही. उपचार मात्र जिव्हाळा आटल्यावरच कामाला येतो.

उपचार बदलू नये असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रपतिभवनातला जो अशोक हॉल मुळात व्हाइसरॉयचे नृत्यदालन होता, ज्याच्या छतावर इराणच्या फत्तेअली शहाच्या शिकारीचे चित्र आहे, त्याच दालनात प्रजासत्ताकाने परदेशी दूतांचे स्वागत सुरू केले. जुलै २०२४ पासून त्याचे नाव अशोक मंडप आहे. मे २०२० मध्ये साथीच्या काळात तर सात देशांच्या दूतांची परिचयपत्रे राष्ट्रपतींनी प्रथमच पडद्यावरून, दूरदृश्य पद्धतीने स्वीकारली. दालन गेले, झुकणे गेले, लिफाफा हातात देणे गेले. तरी 'यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा' ही विनंती आणि तिचा स्वीकार उरला, आणि तेवढ्यावर स्वागत पुरे झाले. काय गळले तरी चालते आणि काय गळून चालत नाही, हे त्या दिवशी दिसले. वृत्ताचे नियम मोडणाऱ्या कवितेबद्दल आपण वर्गात हेच तर विचारतो.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी ती पाच ओळींची बातमी दिसली की ती कापून वर्गात न्यावी. कोण बोलतो आहे, कोणाच्या वतीने, कोणते विशेषण कोणत्या देशाच्या वाट्याला आले आणि कोणत्या देशाच्या वाट्याला आले नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. त्याच तासाला 'दूतवाक्य'मधला दुर्योधनाचा आदेश आणि पेशवाईतल्या एखाद्या वकिलाच्या पत्राचा मायना शेजारी ठेवावा. 'केवळ औपचारिक' हा शेरा त्यानंतरही एखाद्याला मारावासा वाटला तर त्याने जरूर मारावा. मात्र त्यातल्या 'केवळ' या शब्दाचे समर्थन त्याच्याकडून मागून घ्यावे.